ट्रॅक्टरची बॅटरी आणि ब्रेक : हंगामाआधीची तपासणी



पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाची खांदेमळणी करतो. तूप-हळद लावून खांदा चोळताना कुठे सूज आहे, कुठे जू लागून कातडी सोलली आहे, हे हाताला आपोआप कळतं. पूजा आणि तपासणी एकाच वेळी होते. ट्रॅक्टरचं मात्र तसं नाही. खंडेनवमीला आपण ट्रॅक्टर धुतो, हळद-कुंकू लावतो, झेंडूची माळ घालतो. पूजा होते, पण खांदेमळणी राहून जाते. आणि लगेच ऊस वाहतुकीचा हंगाम सुरू होतो.

आजच्या भाषणात ट्रॅक्टरची अशी दोन ठिकाणं सांगणार आहे, की ज्यांच्याकडे गाडी चालू आहे तोवर कोणी बघत नाही. एक म्हणजे बॅटरीची टर्मिनलं, म्हणजे जिथे जाड वायर बॅटरीला जोडलेली असते ती जागा. आणि दुसरं म्हणजे ब्रेक. एक ठिकाण ट्रॅक्टर सुरू करतं, दुसरं तो थांबवतं. वरवर पाहता या दोहोंचा काही संबंध दिसत नाही. पण विचार करा. टर्मिनल ढिलं झालं की सेल्फ लागत नाही. सेल्फ लागत नाही म्हणून आपण ट्रॅक्टर रात्री उतारावर लावतो, चाकाखाली दगड ठेवतो आणि सकाळी दगड काढून, ढकलून चालू करतो. त्या वेळी सगळा भरवसा असतो तो ब्रेकवर. आणि ब्रेकचे लायनर तर दोन हंगामांपासून बघितलेले नसतात! पाच मिनिटांच्या सफाईचं काम टाळलं, म्हणून घरातला माणूस चाकापुढे उभा राहतो. म्हणून हे दोन्ही विषय आज एकत्र घेतले आहेत.

बॅटरी गेली की जोडणी बिघडली?

सेल्फ मारला आणि नुसता 'टक' असा आवाज आला, की बरेच जण म्हणतात, "बॅटरी गेली." मग नवी बॅटरी येते. ती चार दिवस चालते आणि पुन्हा तोच 'टक'. म्हणून पैसे खर्च करण्यापूर्वी दोष कुठे आहे ते ओळखावे.

यासाठी एक सोपी परीक्षा आहे. ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये ठेवा. पुढचे दिवे लावा आणि एका माणसाला दिव्यांकडे बघायला सांगून सेल्फ मारा. दिव्यासमोर नव्हे, बाजूला उभे राहायला सांगा. आता तीन गोष्टींपैकी एक दिसेल. दिवे एकदम विझले आणि सेल्फ सोडल्यावर पुन्हा लागले, तर बहुधा जोडणी खराब आहे. दिवे मंद होत गेले आणि इंजिन कण्हत कण्हत फिरलं, तर बॅटरी उतरली आहे किंवा म्हातारी झाली आहे. दिवे तसेच लख्ख राहिले आणि काहीच हललं नाही, तर बिघाड सेल्फच्या स्विचमध्ये, त्याच्या वायरीत किंवा सोलेनॉइडमध्ये शोधावा.

जोडणीत एवढं काय असतं, असं आपल्याला वाटेल. थोडा हिशेब करू. ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टची असते. दिव्याला प्रवाह लागतो थोडा, पाच-दहा अँपिअर. पण थंड इंजिन फिरवताना सेल्फ दोनशे अँपिअर किंवा त्याहूनही अधिक प्रवाह ओढतो. टर्मिनलवर साचलेल्या थरामुळे एका ओमच्या फक्त शंभराव्या भागाइतका अडथळा आला, तरी दोनशे अँपिअरला तिथेच दोन व्होल्ट खर्ची पडतात. बारातले दोन वाटेतच गेले! विहिरीला पाणी भरपूर, पण पाइपात गाळ बसला, तर शेवटच्या सरीला पाणी कसं पोहोचणार? तसाच हा प्रकार आहे. म्हणून दिवे व्यवस्थित लागतात, हॉर्न वाजतो, आणि सेल्फ मात्र उचलत नाही.

मल्टिमीटर असेल तर काम आणखी सोपं. रात्रभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दाब मिळाला तर ती पूर्ण भरलेली समजावी. १२.२ च्या आसपास मिळाला तर निम्मी उतरली आहे. इंजिन चालू असताना हाच आकडा साधारण १३.८ ते १४.५ दरम्यान असावा. तो वाढतच नसेल तर बॅटरीचा दोष नाही, ती भरणारा अल्टरनेटर, त्याचा पट्टा किंवा वायरिंग तपासावे लागेल.

टर्मिनल साफ करण्याची रीत

टर्मिनलवर पांढरी किंवा हिरवट-निळी भुकटी साचते, ती बॅटरीतल्या आम्लाच्या वाफेने आणि झिरपण्याने तयार होते. ती हाताने पुसू नये, फुंकरही मारू नये. सफाई पुढील क्रमाने करावी.

१. इंजिन बंद करून किल्ली काढून घ्या. हातातलं कडं, अंगठी, घड्याळ काढून ठेवा. जवळपास विडी, काडी, दिवा काही नको. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. हवेत शंभर भागांत चार भाग जरी हा वायू झाला, तरी एका ठिणगीने तो भडकतो आणि बॅटरी फुटून आम्ल तोंडावर उडतं. डोळ्यांना चष्मा लावलेला बरा.

२. आधी 'वजा' खुणेची वायर सोडवा, मग 'अधिक' खुणेची. बहुतेक ट्रॅक्टरांत वजा टोक चॅसिसला जोडलेलं असतं. तुम्ही आधी अधिकची वायर सोडायला गेलात आणि पाना चुकून ट्रॅक्टरच्या पत्र्याला लागला, तर तिथल्या तिथे मोठी ठिणगी पडते आणि पाना लाल होतो. वजा आधी सोडली की हा धोका राहत नाही. काही फार जुन्या ट्रॅक्टरांत उलट, म्हणजे अधिक टोक चॅसिसला असतं. तेव्हा चॅसिसला गेलेली वायर कोणती ते आधी पाहा आणि तीच प्रथम सोडा.

३. टर्मिनल घट्ट बसलं असेल तर हातोड्याने ठोकू नका आणि पान्याने उचकटू नका. बॅटरीचं टोक शिशाचं, म्हणजे मऊ असतं. ते आतून तुटतं. नट पूर्ण ढिला करून टर्मिनलची फट स्क्रू-ड्रायव्हरने हलकेच फाकवा आणि डावी-उजवीकडे फिरवत काढा.

४. बॅटरीची बुचं घट्ट लावलेली आहेत याची खात्री करा. पेलाभर कोमट पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा विरघळवून तो ब्रशने टर्मिनलवर लावा. फेस येईल. फेस यायचा थांबला की साध्या पाण्याने धुऊन कोरड्या फडक्याने पुसा. सोड्याचं पाणी बॅटरीच्या आत थेंबभरही जाता कामा नये, त्याने आतलं आम्ल निकामी होतं.

५. आता टोकाची बाहेरची बाजू आणि टर्मिनलची आतली बाजू पॉलिश पेपरने किंवा तारेच्या ब्रशने घासून चकचकीत करा. चॅसिसला जिथे वायर बोल्टने बसवली आहे ती जागा विसरू नका. तिथला रंग आणि गंजसुद्धा खरवडून काढायचा आहे. निम्मे दोष त्या टोकाला असतात आणि तिकडे कोणी पाहत नाही.

६. जोडताना क्रम उलटा. आधी अधिक, शेवटी वजा. नट घट्ट करा. टर्मिनल हाताने पिळून पाहिलं तर हलता कामा नये. त्यानंतर वरून व्हॅसलिनचा पातळ थर द्या. व्हॅसलिन जोडणीनंतर, वरून लावायचं. आधी लावून मग टर्मिनल बसवू नये.

टर्मिनल सैल होत असेल तर काही जण मध्ये खिळा ठोकतात, पत्र्याची पट्टी घालतात, किंवा तांब्याची तार गुंडाळतात. तसं करू नका. बॅटरीचं अधिक टोक वजापेक्षा थोडं जाड असतं. त्यामुळे वजाचं टर्मिनल अधिकला लावलं की बसत नाही आणि अधिकचं वजाला लावलं की सैल राहतं. योग्य मापाचं नवं टर्मिनल आणा. ते सगळ्यात स्वस्त सुट्या भागांपैकी एक आहे. तसेच सेल्फची जाड केबल खराब झाली तर तिच्या जागी घरच्या वायरिंगची वायर लावू नये. ती तापते, वितळते, आणि कधी कधी पेटते. जोडणी चांगली आहे की नाही याची शेवटची खूण : दोन-तीनदा सेल्फ मारल्यावर टर्मिनलजवळ हात नेऊन पाहा. ते गरम लागत असेल तर जोडणी अजून कच्ची आहे.

आणखी एक. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर कधीही काढू नका. "बघू बॅटरीवाचून चालतो का," असं म्हणून ती काढली जाते आणि अल्टरनेटरमधले डायोड जळतात. बॅटरी वाचवायला गेलो आणि अल्टरनेटर घालवून बसलो, असं होतं.

पाणी आणि पट्टा

बुचांची बॅटरी असेल तर दर पंधरा दिवसांनी पाणी बघावे. प्लेटांच्या वर एक-दीड सेंटिमीटर पाणी हवे. कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. विहिरीचं, नळाचं पाणी नको, त्यातले क्षार प्लेटा खराब करतात. आम्लही घालू नका. उडून जातं ते पाणी. आम्ल आतच राहतं. बिनदेखभालीची बंद बॅटरी असेल तर तिचं झाकण उचकटू नका.

बॅटरी जागेवर पट्टीने घट्ट कसलेली असावी. ढेकळांतून चालताना मोकळी बॅटरी आदळते, आतल्या प्लेटांवरचा थर झडतो आणि दोन-तीन वर्षांनी संपायची ती वर्षातच संपते. ट्रॅक्टर महिना-दोन महिने उभा राहणार असेल तर वजाची वायर सोडून ठेवा आणि महिन्यातून एकदा बॅटरी चार्ज करून घ्या. उतरलेली बॅटरी तशीच ठेवली तर प्लेटांवर कठीण थर बसतो आणि मग ती पूर्ण भरत नाही. चार्जिंगचा प्रवाह बॅटरीच्या क्षमतेच्या दहाव्या भागाइतका असावा. म्हणजे ८८ अँपिअर-अवरच्या बॅटरीला साधारण नऊ अँपिअर. घाईने जास्त प्रवाह दिला की बॅटरी उकळते.

आम्ल डोळ्यात किंवा अंगावर उडालं तर निदान पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याची धार धरा आणि डोळ्याच्या बाबतीत लगेच डॉक्टरकडे जा. घरगुती औषध घालत बसू नका.

पान्याने 'शॉट' देऊ नका

आता सर्वांत महत्त्वाचं. सेल्फ लागत नाही म्हणून खाली उभं राहून, स्टार्टरच्या दोन टोकांवर पाना किंवा स्क्रू-ड्रायव्हर टेकवून ट्रॅक्टर चालू करण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. यात होतं काय, ते नीट समजून घ्या. ट्रॅक्टर गिअरमध्ये असताना किल्लीने चालू होऊ नये म्हणून कंपनीने सुरक्षेचा स्विच दिलेला असतो. पाना टेकवला की तो स्विच बाजूला पडतो. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल तर इंजिन पेट घेताच तो चालू लागतो. आणि आपण त्या वेळी कुठे उभे असतो? पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्ये. मागचं मोठं चाक अंगावर यायला एक क्षण पुरतो. बाजूला व्हायला माणसाला तेवढाही वेळ मिळत नाही.

म्हणून घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः तरुण मुलांना आणि गड्यांना एकच नियम सांगून ठेवा : ट्रॅक्टर चालू करायचा तो बैठकीवर बसून, न्यूट्रलमध्ये, क्लच दाबून. बैठकीवरून चालू होत नसेल तर तो दुरुस्त करायचा. वर सांगितलेली सफाई केलीत तर पुष्कळदा तेवढ्यानेच काम होतं.

दुसऱ्या बॅटरीवरून चालू करायचं असेल तर अधिकला अधिक जोडा. मग दुसरी वायर चांगल्या बॅटरीच्या वजाला लावा आणि तिचं शेवटचं टोक बंद ट्रॅक्टरच्या बॅटरीला न लावता, बॅटरीपासून लांब, चॅसिसच्या स्वच्छ धातूला लावा. ठिणगी पडलीच तर ती वायूपासून दूर पडावी, एवढाच त्यात हेतू आहे. दोन्ही वाहनं १२ व्होल्टचीच आहेत ना, हे आधी बघून घ्या.

ट्रॉलीच्या मागच्या दिव्यांनाही वीज याच बॅटरीची जाते. उसाची ट्रॉली रात्री रस्त्याने निघाली आणि मागचा दिवा बंद असला, तर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ती जवळ येईपर्यंत दिसतच नाही. ट्रॉलीचे दिवे लुकलुकण्याचं नेहमीचं कारण म्हणजे अर्थिंग. ते हुकातून आणि पिनमधून मिळेल या भरवशावर राहू नका. गंज आणि ग्रीस आड येतात. ट्रॉलीसाठी अर्थिंगची स्वतंत्र वायर ओढून घ्या. शिवाय मागे लाल रिफ्लेक्टर लावा आणि ते उसाच्या पाचटाखाली झाकले जाणार नाहीत असे लावा. दिवा विझू शकतो, रिफ्लेक्टर विझत नाही.

ब्रेक : आधी तपासणी

आता ब्रेककडे वळू. नेहमीच्या ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात. डाव्या चाकाचं पेडल वेगळं, उजव्याचं वेगळं. शेतात बांधाशी वळताना एकाच चाकाला ब्रेक मारता यावा म्हणून ही सोय आहे. रस्त्यावर मात्र हीच सोय घातक ठरते. वेगात असताना घाईघाईत एकच पेडल दाबलं गेलं तर ट्रॅक्टर एका बाजूला ओढला जातो आणि उलटतो. म्हणून शेतातून रस्त्यावर येण्यापूर्वी दोन्ही पेडलं जोडणारी पट्टी लावायची. ही पट्टी मोडली असेल, हरवली असेल, तर पहिली खरेदी तिची करा.

पेडल दाबताना सुरुवातीला थोडं मोकळं जातं. ही मोकळी चाल बहुतेक ट्रॅक्टरांत २० ते ४० मिलिमीटरच्या दरम्यान ठेवतात. तुमच्या ट्रॅक्टरचा नेमका आकडा मालकाच्या पुस्तिकेत दिलेला असतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोन्ही पेडलांची चाल सारखी हवी. चाल अजिबात नसेल तर लायनर सतत घासून तापतील. जास्त असेल तर ब्रेक उशिरा लागेल.

मग मोकळ्या, सपाट जागेवर, ट्रॉली न जोडता, सावकाश चालवून दोन्ही पेडलं एकत्र दाबा. ट्रॅक्टर सरळ रेषेत थांबला पाहिजे आणि दोन्ही चाकांच्या खुणा सारख्या उमटल्या पाहिजेत. तो एका बाजूला ओढत असेल, करकर आवाज येत असेल, जळका वास येत असेल, किंवा पेडल तळापर्यंत जात असेल, तर ऊस भरण्याआधी मेकॅनिक गाठा.

सुटे भाग घेताना

आपल्याकडे दोन प्रकारचे ब्रेक असलेले ट्रॅक्टर आहेत. जुन्या अनेक ट्रॅक्टरांत कोरड्या डिस्कचे ब्रेक आहेत. नव्या ट्रॅक्टरांत बहुधा तेलात बुडालेले ब्रेक असतात. दुकानात जाण्यापूर्वी आपला प्रकार कोणता ते माहीत हवं. कारण कोरड्या ब्रेकच्या प्लेटचा मसाला वेगळा, तेलातल्या प्लेटचा वेगळा. दिसायला सारखी दिसली तरी एकीची जागा दुसरी घेऊ शकत नाही.

खरेदीला जाताना ट्रॅक्टरचं मॉडेल, साल आणि चॅसिस क्रमांक कागदावर लिहून न्या आणि जमलं तर जुना भाग बरोबर न्या. नवा भाग त्याच्या शेजारी ठेवून व्यास, जाडी, भोकं आणि मधले दाते मोजा. दाते एकाने जरी कमी-जास्त असले तरी तो भाग आपला नाही.

नकली माल कसा ओळखावा? बाजारात नामांकित कंपनीच्या डब्यासारखा डबा आणि आत भलताच माल, असे प्रकार होतात. डब्यावर भागाचा क्रमांक, बनवणाऱ्याचं नाव व पत्ता, किंमत आणि महिना-साल छापलेलं असावं. छपाई पुसट किंवा शब्दांची अक्षरं चुकलेली असली तर सावध व्हा. डब्यावरचा क्रमांक आणि भागावरचा क्रमांक जुळतो का ते बघा. लायनरच्या कडा तुटलेल्या, पृष्ठभागावर चिरा, मसाला एके ठिकाणी जाड आणि दुसरीकडे पातळ, असं असेल तर परत करा. रिव्हेटचे लायनर असतील तर रिव्हेटची डोकी मसाल्याच्या पृष्ठभागापेक्षा चांगली खोल हवीत. ती वर आली की ड्रमला किंवा प्लेटला चर पडतात. आणि पावती घ्या. "पावतीवाचून थोडं स्वस्त पडेल," असं दुकानदार म्हणाला, तर तो स्वस्तपणा कशातून आला हे ओळखा.

स्वस्त लायनरने दोन प्रकारचं नुकसान होतं. फार मऊ मसाला लवकर झिजतो, हे आपल्या लक्षात तरी येतं. फार कठीण मसाला मात्र झिजत नाही, म्हणून आपण त्याला टिकाऊ म्हणतो. पण तो धरत नाही, आणि प्लेट खातो. लायनर हा झिजण्यासाठीच असतो. तो दहा वर्षं टिकला, हे काही त्याचं कौतुक नव्हे. मध्य प्रदेशात बुदनी येथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था आहे. तिथे ट्रॅक्टरच्या ब्रेकचीही चाचणी होते. ही चाचणी होते ती कंपनीने बसवलेल्या भागांवर. आपण भलताच भाग बसवला की त्या चाचणीचा भरवसा आपल्यापुरता संपला.

बसवताना पुढील गोष्टी मेकॅनिककडून करून घ्या, आणि तेव्हा स्वतः समोर उभे राहा.

लायनर किंवा प्लेटा नेहमी दोन्ही चाकांच्या एकदम बदला. एक बाजू नवी आणि एक जुनी असेल तर ट्रॅक्टर नव्या बाजूला ओढणार.

कोरड्या लायनरला तेल लागलं असेल तर ते पेट्रोलने धुऊन पुन्हा वापरू नका. मसाल्याने तेल पिऊन घेतलेलं असतं. तापलं की ते पुन्हा बाहेर येतं. असे लायनर बदला, आणि तेल आलं कुठून तेही शोधा. बहुधा ऑइल सील गेलेलं असतं. सील न बदलता नवे लायनर घातले तर महिन्याभरात तेही वाया जातील.

डिस्क ब्रेकमध्ये दोन प्लेटांच्या मध्ये ॲक्च्युएटर असतो आणि त्यात पोलादी गोळ्या असतात. गोळ्यांच्या खाचा झिजलेल्या किंवा गंजलेल्या असतील तर नव्या प्लेटाही नीट काम करणार नाहीत. प्लेटा बदलताना स्प्रिंगा, गोळ्या, खाचा हे सारं उघडून बघायला सांगा.

आतली धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. त्याचे सूक्ष्म तंतू फुप्फुसात जाऊन बसतात आणि पुढे अनेक वर्षांनी असाध्य रोग होतो. धूळ ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

तेलातल्या ब्रेकला पुस्तिकेत सांगितलेलंच तेल घाला. या तेलात गिअर आणि ब्रेक दोन्ही चालतात, म्हणून ते खास प्रकारचं असतं. भलतं तेल घातलं की ब्रेक आवाज करतात किंवा घसरतात.

भाजीपाला किंवा दूध नेणारी जीप, पिकअप तुमच्याकडे असेल तर तिचे ब्रेक द्रवाच्या दाबावर चालतात. तिथे ब्रेक ऑइलच्या बाटलीवर लिहिलेला डॉट ३ किंवा डॉट ४ हा प्रकार गाडीच्या टाकीच्या झाकणावरील प्रकाराशी जुळवून बघा. इंजिन ऑइल किंवा डिझेल त्यात थेंबभरही जाऊ देऊ नका. रबरी वॉशर फुगतात आणि ब्रेक अडकतात. हे द्रव हवेतला ओलावा शोषतं, म्हणून उघडी राहिलेली जुनी बाटली वापरू नका. पेडल स्पंजासारखं मऊ लागलं तर नळीत हवा शिरली आहे. पेडल पायाखाली हळूहळू बसत गेलं तर मास्टर सिलिंडरचे वॉशर गेले आहेत.

नवे ब्रेक बसवल्यावर लगेच भरलेली ट्रॉली जोडू नका. पहिले काही तास रिकामा ट्रॅक्टर चालवून हलके हलके ब्रेक मारा. लायनर सगळीकडून टेकू लागले की पेडलाची चाल पुन्हा एकदा जुळवून घ्या.

चांगल्या ब्रेकलाही मर्यादा आहे

नवे अस्सल भाग घातले म्हणजे काम संपलं, असं समजू नका. ट्रॅक्टर साधारण दोन टनांचा. मागची भरलेली ट्रॉली त्याच्या कितीतरी पट वजनाची. अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. तेव्हा सगळं वजन थांबवायचं ते ट्रॅक्टरच्या दोन चाकांनी. त्यातही वेग दुप्पट केला तर थांबायला लागणारं अंतर दुप्पट होत नाही, ते चौपट होतं. पंधराच्या वेगाने जिथे ब्रेक मारून पाच पावलांत थांबाल, तिथे तिसाच्या वेगाने वीस पावलं लागतील.

उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाका. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरायचं. उतारावर क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी सोडून डिझेल वाचवायला जाऊ नका. इंजिनची ओढ सुटली की सगळा भार ब्रेकवर येतो. कोरडे लायनर तापतात आणि तापले की धरेनासे होतात. त्यानंतर पेडल कितीही जोराने दाबलं तरी मागची ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलत नेते आणि आडवा करते.

उभा करताना सपाट जागा बघा. पार्किंग ब्रेक लावा, इंजिन बंद करून गिअर टाका, अवजार जमिनीवर टेकवा, किल्ली खिशात घाला. उतारावर लावावाच लागला तर लाकडी पाचरी चाकाखाली द्या. गोल दगड चाकाखालून निसटतो.

मंडळी, हे पत्रक वाचून झालं की घरात जपून ठेवू नका, ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये ठेवा. त्याच्याबरोबर तारेचा ब्रश, सोड्याची पुडी, पॉलिश पेपर, व्हॅसलिनची डबी आणि दोन नवी टर्मिनलं असू द्या. येत्या खंडेनवमीला ट्रॅक्टर धुऊन झाला की माळ घालण्याआधी घटकाभर थांबा. टर्मिनल पिळून बघा, दोन्ही पेडलं दाबून बघा, ट्रॉलीचा मागचा दिवा लावून बघा. घरात जो कोणी ट्रॅक्टर चालवतो, त्याच्या हातूनच हे करवून घ्या, म्हणजे त्याच्याही अंगवळणी पडेल. एवढी खांदेमळणी झाली की मग खुशाल झेंडूची माळ घाला.